गोष्टीतला राक्षस

दिवाळीच्या आनंदात मारामारीविषयी लिहावे, हे काही वाचकांना रुचणार नाही. पण नरकचतुर्दशीचा सण मुळी एका वधाचाच आहे. उटण्याच्या सुवासात आपण ते विसरतो. मुले मात्र विसरत नाहीत.

गंगाखेडच्या आमच्या घरी माझा पाच वर्षांचा नातू गेले दोन महिने रोज राक्षस मारतो आहे. जळणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांतून एक काठी उपसायची, ओसरीच्या खांबाला राक्षस ठरवायचे आणि त्याला बडवून काढायचे! मी जुन्या वळणाचा शिक्षक. पोर आडदांड होईल या धास्तीने मी काठी काढून घेतली आणि एक सालस पुस्तक वाचून दाखवले. त्यात वाघ, ससा, कोल्हा सारेच एकमेकांचे मित्र. पोराने निमूटपणे ऐकले आणि विचारले, "आजोबा, पण राक्षस कुठं गेला?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून हा लेख.

बालवाङ्मयातला हा वाद जुना आहे. मादाम माँटेसरींना कोवळ्या वयात परीकथा नको वाटत. आधी वास्तवाची ओळख, कल्पना मागाहून. त्यांची पद्धत आपल्याकडे रुजवणाऱ्या गिजुभाई बधेकांनी मात्र गोष्टीची बाजू सोडली नाही. कथा सांगण्याचे शास्त्रच त्यांनी लिहिले. पुढे १९७६ साली ब्रूनो बेटेलहाइम यांनी परीकथांवरील आपल्या ग्रंथात असे मांडले की, भीती आणि राग गोष्ट मुलाच्या मनात घालत नाही. ते तेथे असतातच, गोष्ट त्यांना रूप देते.

आम्हा गंगाखेडकरांना हे सांगायला परदेशी पंडित कशाला हवा? आमच्या जनाबाईंच्या नावावर बाळक्रीडेचे अभंग आहेत, तसेच प्रल्हादचरित्रही आहे. एकीकडे बाळकृष्णाचे खेळ, दुसरीकडे दैत्याचा वध. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या त्या माउलीला यात विसंगती वाटली नाही.

प्रल्हादाची कथाच पाहा. भागवतात ती वधापाशी संपत नाही. हिरण्यकशिपू मेला तरी नरसिंहाचा क्रोध ओसरत नाही. देव भयभीत होतात, लक्ष्मीही जवळ जाण्यास धजत नाही. मग पुढे होतो तो लहानगा प्रल्हाद, आणि त्याच्या स्तुतीने तो क्रोध शांत होतो. माझ्या मते कथेचे मर्म येथे आहे. पण मुलांसाठीच्या ज्या चित्रमय पुस्तिका माझ्या पाहण्यात आल्या, त्यांतल्या बहुतेक पोट फाडण्याचे चित्र देऊन थांबतात. रक्त ठेवले आणि शांतवन गाळले! दोष राक्षसाचा नव्हे, अर्ध्यावर सोडलेल्या गोष्टीचा आहे. मोबाइलवरच्या ज्या खेळांत मारणे कधी संपतच नाही, तेथेही उणीव हीच. उलट रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण मुलांना भिववते आणि त्याच मुलांना हसवते. पडदा पडेपर्यंत भीती आटोक्यात आलेली असते.

म्हणून बालकथेला मी दोनच प्रश्न विचारतो : राक्षसाने कोणाचे काय हिरावले? आणि तो मेल्यावर गोष्ट कोठे जाते?

हेच प्रश्न मी नातवाच्या खेळाला विचारले, तेव्हा ओशाळलो. मी विचारले, "बाळा, या राक्षसानं केलंय तरी काय?" तो म्हणाला, "त्यानं बाबांची गाडी अडवलीय." त्याचे वडील नोकरीसाठी पुण्याला असतात, सणावारालाच येतात. रोज राक्षस मरत होता, आणि रोज पुण्याची गाडी सुटत होती. मी दोन महिने फक्त काठी पाहत होतो.

काठी परत दिली. रात्री प्रल्हादाची कथा सांगितली, अगदी शेवटापर्यंत. सकाळी स्वारी पुन्हा खांबापुढे उभी राहिली, काठी उगारली आणि थबकली.

"आजोबा, आत देव असला तर?"

मी म्हटले, "मग जरा हळू मार."

त्याने काठीने खांबाला नुसता स्पर्श केला, आणि कान लावून ऐकत राहिला.