वाचता न येणाऱ्या आजीसाठी पुस्तक कोणतं?

माझी भाची अडीच वर्षांची. तिच्याकडे सध्या दोन आवडती पुस्तकं आहेत. एकात बटण दाबलं की वाघ डरकाळी फोडतो. दुसरं माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’. त्यात गोष्ट लिहिलेली नाही, बघायला आणि बोलायला चित्रं आहेत.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. आईला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. ‘नातीला वाचून दाखव’ म्हटलं की ती पुस्तक माझ्याकडे सरकवते. म्हणते, “ते तुमचं काम.” हे मला खटकायचं. माझी पीएचडी पदार्थविज्ञानात असली तरी पेपर शोधून वाचायची सवय आहेच, मग शोधलं.

1988 मध्ये अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी साधारण तीस कुटुंबांसोबत प्रयोग केला. मुलं दोन-तीन वर्षांची. अर्ध्या पालकांना सांगितलं, नुसतं वाचू नका. ‘हे काय करतंय?’ असं विचारा आणि मूल बोललं की त्यात थोडी भर घाला. बाकीच्यांनी नेहमीसारखंच वाचलं. महिन्याभरानंतर पहिल्या गटातली मुलं बोलण्यात पुढे होती. म्हणजे फरक पडला तो गप्पांमुळे.

या कसोटीवर बटणाचं पुस्तक मागे पडतं. आवाज पुस्तकच काढतं, मोठ्यांना बोलायला जागा उरत नाही. 2010 च्या एका अभ्यासात पॉप-अप पुस्तकांतून लहान मुलं साध्या चित्रांपेक्षा कमी शिकली. तो अभ्यास बटणांवर नव्हता, पण खेळण्यात लक्ष गेलं की चित्रातली वस्तू मागे राहते, हे आमच्या घरी रोज दिसतं.

‘चित्रवाचन’ही निर्दोष नाही. चित्रं माणसांनी भरलेली. तिच्या वयाला एकदम इतकं झेपत नाही, ती पान उलटून मोकळी होते. इथे ससेक्स विद्यापीठातल्या झोई फ्लॅक आणि जेसिका हॉर्स्ट यांचं काम उपयोगी पडलं. समोर एकाच वेळी दोन चित्रं असली की मुलं नवे शब्द कमी शिकली; पण कुठे बघायचं ते हाताने दाखवलं की अडचण कमी झाली.

मग मी आईला एवढंच सांगितलं, बोट ठेव आणि तेलुगूत बोल. तिने मांजरावर बोट ठेवलं, “पिल्ली.” भाची म्हणाली, “पिल्लू!” आई हसली, म्हणाली, “पिल्लू नाही गं, मोठी आहे.” मग मोठी कोण, छोटी कोण, यावर दोघींचं दोन भाषांत बराच वेळ चाललं.

हे सगळे प्रयोग परदेशातल्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरचे आहेत, आणि आमच्या घरी नमुना एकच. तरी पुस्तक घेताना आता मी एक गोष्ट बघते: घरात जिला वाचता येत नाही, तिला यावर बोलता येईल का? गोष्ट हवी असेल तर त्यांचंच ‘राधाचं घर’ बघा. त्यात छोटी राधा घरच्या माणसांची ओळख करून देते, आणि ती माणसं कुठल्याही भाषेत सापडतात.

बटणाचा वाघ घरात आहेच. सेल संपलेत, नवे आणायची घाई नाही.