'डबल हेलिक्स'मधला हरवलेला विद्यार्थी

संशोधन म्हणजे काय हे कळावे म्हणून अकरावी-बारावीच्या मुलांना कोणते पुस्तक द्यावे, असे शिक्षक विचारतात तेव्हा जेम्स वॉटसनच्या 'द डबल हेलिक्स'चे नाव हमखास पुढे येते. मीही तेच सुचवत आलो. डी.एन.ए.च्या दुहेरी गोफाची ही शोधकथा १९६८ साली प्रसिद्ध झाली. क्रिक आणि विल्किन्स या सहकाऱ्यांनीच हरकत घेतल्यामुळे हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने ती छापायचे टाळले होते. परवा एका विद्यार्थिनीला देण्यापूर्वी ती पुन्हा वाचली. या खेपेस मी तिच्यात एकाच माणसाला शोधत होतो: रेमंड गॉसलिंग.

पुस्तक वेधक आहे, वादच नाही. शास्त्रज्ञ चुकतात, हेवा करतात, घाईने पोकळ प्रतिकृती उभारून तोंडघशी पडतात, हे मुलांनी वाचायलाच हवे. त्यात एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे झकास चित्रही आहे. तो म्हणजे फ्रान्सिस क्रिक. वय पस्तीस, पहिले संशोधन महायुद्धात वाया गेलेले, प्रबंध प्रथिनांवर आणि डोके मात्र डी.एन.ए.मध्ये! 'आधी प्रबंधाचे बघ' असे बजावणारे ब्रॅगसाहेब आपल्याकडच्या कुठल्याही विभागात भेटतील. क्रिकला पदवी मिळाली १९५४ मध्ये, म्हणजे जगप्रसिद्ध शोधानंतर.

गॉसलिंगचे मात्र पुस्तकात फक्त नाव येते. लंडनच्या किंग्ज कॉलेजात तो संशोधक विद्यार्थी होता. १९५० साली विल्किन्सबरोबर काम करताना त्याने डी.एन.ए.ची चांगली क्ष-किरण छायाचित्रे मिळवली होती. पुढच्या वर्षी रोझलिंड फ्रँकलिन तेथे आली आणि विभागप्रमुख रँडॉलने विल्किन्सला नीट कल्पना न देताच हा विद्यार्थी तिच्या हाती सोपवला. दोन वरिष्ठांचे पटत नाही आणि मधे एक विद्यार्थी! ज्यांनी विद्यापीठात काही वर्षे काढली आहेत, त्यांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

आणि काम काय, तर चिकट डी.एन.ए.तून केसाहून बारीक तंतू ओढायचे, कॅमेऱ्यातली हवा हवी तितकीच दमट राखायची आणि फिल्मवर क्ष-किरण पडत असताना वाट पाहायची. मे १९५२ मधल्या 'छायाचित्र ५१'साठी साठ तासांहून अधिक वेळ लागला. पुस्तकात ते क्षणार्धात वॉटसनसमोर येते आणि तो थरारून जातो. थरार खरा आहे. ते साठ तास मात्र गाळलेले आहेत. टेनिस, मेजवान्या आणि खानावळीतल्या गप्पांना पाने मिळाली, पण तंतू ओढणाऱ्याला नाही. संशोधन असेच असते असे समजून आलेला मुलगा प्रयोगशाळेत पहिल्या सहा महिन्यांत हिरमुसतो. अशी मुले मी पाहिली आहेत.

ते छायाचित्र चोरले गेले, असे हल्ली सर्रास ऐकू येते. तेही बरोबर नाही. फ्रँकलिन कॉलेज सोडून चालली होती, गॉसलिंग पुन्हा विल्किन्सकडे जाणार होता, आणि त्याच ओघात त्याने ते विल्किन्सला दिले. हे पुढे त्यानेच सांगितले आहे. आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. विल्किन्सने ते वॉटसनला दाखवले तेव्हा ज्यांनी ते घेतले होते त्यांना कुणी विचारले नाही. विद्यार्थ्याच्या हातून निघालेली माहिती कुणाची? माझा स्वतःचा एक आलेख मी एका परिसंवादात दुसऱ्याच्या भाषणात पाहिला होता. खाली माझे नाव नव्हते. आज मी स्वतः मार्गदर्शक आहे आणि माझ्या भाषणांतले बहुतेक आलेख विद्यार्थ्यांचेच असतात, हेही कबूल करायला हवे.

वॉटसनने उपसंहारात फ्रँकलिनविषयीचे आपले पूर्वग्रह मागे घेतले. पण ती १९५८ सालीच वारली होती. गॉसलिंगसाठी तसा उपसंहार नाही. फ्रँकलिन बर्कबेक कॉलेजला गेल्यावर, तिने त्याला मार्गदर्शन करू नये असे रँडॉलने कळवूनही, दोघे भेटत राहिले आणि त्याचा प्रबंध पुरा झाला. मला यातली माणुसकी साऱ्या शर्यतीपेक्षा मोठी वाटते.

विद्यार्थिनीला मी पुस्तक दिलेच. सोबत 'नेचर'च्या २५ एप्रिल १९५३ च्या अंकातले तिन्ही लेख दिले. तिसऱ्या लेखावर दोन नावे आहेत: रोझलिंड ई. फ्रँकलिन आणि आर. जी. गॉसलिंग.