तळटिपेतला बँड : ‘द डॅम्ड’ची जवळजवळ पन्नास वर्षे

ब्रिटिश पंक रॉकच्या इतिहासातल्या तारखांबद्दल वाद नाही. लंडनच्या ‘द डॅम्ड’ या बँडची ‘न्यू रोझ’ ही तबकडी २२ ऑक्टोबर १९७६ रोजी बाजारात आली. ‘सेक्स पिस्टल्स’ची ‘अनार्की इन द यूके’ आली २६ नोव्हेंबरला, म्हणजे बरोबर पाच आठवड्यांनी. डॅम्डचा पहिला अल्बम ‘डॅम्ड डॅम्ड डॅम्ड’ १८ फेब्रुवारी १९७७ ला निघाला. ‘द क्लॅश’चा पहिला अल्बम त्यानंतर एप्रिलमध्ये आणि पिस्टल्सचा तर थेट ऑक्टोबरअखेर. अमेरिकेत जाऊन वाजवणारा पहिला ब्रिटिश पंक बँडही डॅम्डच. १९७७ च्या एप्रिलमध्ये ते न्यूयॉर्कच्या ‘सीबीजीबी’ क्लबात वाजवत होते. पहिली तबकडी, पहिला अल्बम, पहिली अमेरिकावारी. इतके सगळे ‘पहिले’ एकाच्या नावावर असताना पंकचा इतिहास सांगताना लोक पिस्टल्स आणि क्लॅश यांच्यापाशीच का थांबतात? डॅम्डच्या वाट्याला एखादा परिच्छेद आणि एखादी तळटीप का येते?

मी संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही आणि इंग्रजीचा प्राध्यापकही नाही. जुन्या बाजारातल्या कॅसेटी, पदपथावरची पुस्तके आणि नंतर जमेल तशा मागवलेल्या तबकड्या, एवढीच माझी सामग्री. डॅम्डचा मी चाहता आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांना पुढचे सगळे त्या हिशेबाने तोलून घेता येईल. पण वरचा प्रश्न चाहत्याचा रुसवा म्हणून विचारलेला नाही. कलेचा इतिहास लिहिताना आपण नेमके काय जपतो आणि काय गाळतो, याचा तो प्रश्न आहे.

घोषणा ज्याची, इतिहास त्याचा

ग्रील मार्कस यांचे ‘लिपस्टिक ट्रेसेस’ (१९८९) आणि जॉन सॅव्हेज यांचे ‘इंग्लंड्स ड्रीमिंग’ (१९९१) ही पंकवरची दोन गाजलेली पुस्तके. दोन्ही मी आदराने वाचली आहेत. मार्कस पिस्टल्सच्या आरोळीपासून निघतात आणि मागे मागे जात ‘दादा’ आणि सिच्युएशनिस्ट या युरोपीय बंडखोर पंथांपर्यंत पोचतात. सॅव्हेज यांच्या पुस्तकाच्या केंद्रस्थानीही पिस्टल्सच आहेत, आणि त्या निमित्ताने सत्तरीच्या दशकातले आजारी इंग्लंड डोळ्यांसमोर उभे राहते. हे समजण्यासारखे आहे. पिस्टल्सच्या मागे माल्कम मॅक्लॅरन यांच्यासारखा सिद्धान्ताची भाषा बोलणारा व्यवस्थापक होता. क्लॅशच्या गाण्यांत बेकारी, वंशद्वेष, लॅटिन अमेरिकेतले लढे असे विषय होते. समीक्षकाला लिहायला शब्द लागतात, आणि या दोघांनी ते आयते पुरवले.

डॅम्डने काय पुरवले? वाजवणाऱ्यांची नावेच पाहा. ड्रमवाल्याचे नाव रॅट स्केबीज. उंदीर आणि खरूज यांची ही जोडी. बास वाजवणारा कॅप्टन सेन्सिबल, म्हणजे समंजस कप्तान, आणि समंजसपणाशी त्याचा सुतराम संबंध नाही. गायक डेव्ह व्हेनियन याने ड्रॅक्युलाच्या ट्रान्सिल्व्हेनियाचे शेपूट आपल्या नावाला जोडलेले. बँडमध्ये येण्यापूर्वी तो खरोखरच थडगी खणायचे काम करीत असे. गिटारवादक ब्रायन जेम्स तेवढा साध्या नावाचा, आणि पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी त्याचीच. त्या अल्बमच्या मुखपृष्ठावर चौघांच्या तोंडाला खाण्याचा लगदा फासलेला आहे. सुरुवातीच्या प्रतींच्या मलपृष्ठावर तर भलत्याच बँडचे, ‘एडी अँड द हॉट रॉड्स’चे, छायाचित्र मुद्दाम ‘चुकून’ छापले होते. अशा मंडळींवर प्रबंध कसा लिहायचा?

आपल्याकडच्या समीक्षेलाही हे ओळखीचे वाटावे. आशय आधी, आविष्कार नंतर, आणि विनोद असेल तर पंगतीच्या शेवटी, हा क्रम आपल्याही अंगवळणी पडलेला आहे.

पावणेतीन मिनिटांत काय घडते

म्हणून आता थोडे ऐकण्याबद्दल. ‘न्यू रोझ’ इझलिंग्टनमधल्या ‘पाथवे’ या चिमुकल्या, आठ ट्रॅकांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले. निर्माता होता निक लो, कंपनी ‘स्टिफ रेकॉर्ड्स’. सुरुवातीला व्हेनियन निर्विकार आवाजात एक प्रश्न विचारतो. ‘शांग्रिलाज’ या मुलींच्या चमूच्या १९६४ सालच्या ‘लीडर ऑफ द पॅक’ची ती नक्कल आहे. म्हणजे ब्रिटिश पंकच्या पहिल्या तबकडीवरचा पहिला उच्चार हा थट्टेचा आहे, आणि तीही जुन्या पॉप संगीतावरच्या प्रेमातून केलेली थट्टा. मग स्केबीजचे ड्रम येतात. झांजांचा खणखणाट नंतरचा. आधी खोल, दणदणीत ठोके, कुणी बंद दार बडवत असल्यासारखे. त्यावर जेम्सची गिटार येते आणि तिथून शेवटापर्यंत गाणे श्वास घेत नाही.

लय अतिद्रुत आहे, पण गबाळी नाही. पंक म्हणजे वाजवता न येणाऱ्यांचे संगीत, हा समज या एका तबकडीने खोटा ठरतो. स्केबीज त्या काळातल्या तयार ड्रमवादकांपैकी एक होता. एवढ्या वेगात ठेका धरून ठेवणे, वर मधल्या जागा भरून काढणे आणि तरी समेवर चोख येणे याला रियाज लागतो. गाण्यात राजा-राणी नाहीत, सरकार नाही, वर्गसंघर्ष नाही. काहीतरी नवे, अनपेक्षित हाती लागल्याचा आनंद आहे आणि तो आवरत नाही. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला बीटल्सचे ‘हेल्प!’ आहे, मूळ गाण्याहून कितीतरी जलद, जणू गाणाऱ्यांना गाडी पकडायची आहे.

याला आशय म्हणायचे की नाही? माझ्या मते म्हणायला हवे. रॉक संगीत तोवर लांबलचक एकल वादनांच्या आणि स्टेडियमभर गर्दीच्या ओझ्याखाली वाकले होते. त्यावर पिस्टल्सने टीका केली. डॅम्डने टीका न करता ओझे उतरवून दाखवले.

डर्बीचा ठपका

डॅम्डवरचा सर्वांत जुना ठपका डिसेंबर १९७६ चा आहे. पिस्टल्सने १ डिसेंबरला बिल ग्रंडी यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात शिवीगाळ केली आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रे पेटली. लगेचच पिस्टल्स, क्लॅश, डॅम्ड आणि अमेरिकेचे ‘हार्टब्रेकर्स’ यांचा एकत्र दौरा सुरू व्हायचा होता. गावोगावच्या नगरपालिकांनी कार्यक्रम रद्द केले. डर्बीच्या नगरसेवकांनी अट घातली की आधी आम्हांला वाजवून दाखवा, मग परवानगी देऊ. पिस्टल्सने नकार दिला. डॅम्ड वाजवायला तयार असल्याचे त्यांच्या बाजूने कळवले गेले. मॅक्लॅरन यांनी त्यांना दौऱ्यातून काढून टाकले. तेव्हापासून ‘एकजूट मोडणारे’ हा शिक्का बसला तो बसलाच.

हा ठपका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. नगरसेवकांसमोर परीक्षा देण्यात मानहानी होती आणि चौघांनी मिळून नकार देण्यात अर्थ होता. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. सेन्सिबल आणि स्केबीज हे क्रॉयडनच्या ‘फेअरफील्ड हॉल्स’ या सभागृहात साफसफाईची कामे करून आलेले. वाजवायला बोलावले की वाजवायचे, हा त्यांचा धर्म. न वाजवण्यालाही अर्थ असतो हे व्यवस्थापकाला कळते. वाजवण्यातच ज्याचा जीव आहे त्याला ते कळायला वेळ लागतो. या दौऱ्याच्या कथेत नकार देणारे नायक झाले. त्या कथेच्या नियमांनी मोजले तर डॅम्ड नापासच होणार. मला शंका आहे ती त्या नियमांबद्दल.

पडझड आणि दुसरा जन्म

चाहत्याने पडझड लपवू नये. नोव्हेंबर १९७७ चा दुसरा अल्बम ‘म्युझिक फॉर प्लेझर’ फसला. त्यांना निर्माता म्हणून ‘पिंक फ्लॉइड’चा सिड बॅरेट हवा होता, मिळाला त्याच बँडचा ड्रमवादक निक मेसन. लॉल कॉक्सहिल यांचा सॅक्सोफोन असलेले शेवटचे गाणे सोडले तर अल्बमला ना पहिल्याचा वेग आहे ना स्वतःची दिशा. ‘स्टिफ’ने हात काढून घेतला आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये बँड मोडला.

खरी गोष्ट इथून सुरू होते. वर्षभरात तिघे पुन्हा एकत्र आले, जेम्सशिवाय. सेन्सिबलने बास खाली ठेवून गिटार उचलली, बासवर आला अल्जी वॉर्ड. नोव्हेंबर १९७९ मध्ये ‘मशीन गन एटिकेट’ निघाला. तो ‘वेसेक्स’ स्टुडिओत झाला, आणि त्याच वर्षी त्याच स्टुडिओत क्लॅश आपला ‘लंडन कॉलिंग’ घडवत होते. डॅम्डच्या शीर्षकगीतात मागे ओरडणाऱ्यांत क्लॅशचे जो स्ट्रमर आणि मिक जोन्स आहेत, श्रेयनामावलीत नाव नसताना. ‘लंडन कॉलिंग’ मोठा आहे हे मी विनातक्रार मान्य करतो. पण दोन्ही अल्बम एकामागून एक ऐकावेत. पंकच्या कुंपणाबाहेर पडण्याची धडपड दोन्हींत आहे. क्लॅश रेगे, स्का, रॉकबिलीकडे गेले. डॅम्ड साठीच्या दशकातल्या इंग्लिश सायकेडेलियाकडे आणि ऑर्गनच्या सुरांकडे गेले.

‘स्मॅश इट अप’ हे त्यातले गाणे याचा पुरावा आहे. नाव तोडफोडीचे. पण त्याचा पहिला भाग शब्दांविना, संथ, जवळजवळ हळवा आहे. मार्च १९७७ मध्ये ‘टी. रेक्स’च्या मार्क बोलानने या पोरांना आपल्याबरोबर दौऱ्यावर नेले होते. त्याच सप्टेंबरमध्ये तो मोटार अपघातात गेला. हा पहिला भाग सेन्सिबलने त्याला वाहिलेली श्रद्धांजली आहे. जुन्यांना हाकलून लावण्याची भाषा ज्या चळवळीत सर्रास होती, तिच्यातला हा बँड आदल्या पिढीतल्या माणसासाठी असे सूर लावत होता. पुढच्या वर्षीच्या ‘द ब्लॅक अल्बम’मध्ये तर ‘कर्टन कॉल’ हे सतरा मिनिटांचे गाणे आहे आणि त्यात रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ‘शेहेरजाद’चे तुकडे तरंगत येतात. पावणेतीन मिनिटांपासून सतरा मिनिटांपर्यंतचा प्रवास चार वर्षांतला आहे.

हसण्याची किंमत

१९८२ च्या उन्हाळ्यात कॅप्टन सेन्सिबल स्वतंत्रपणे ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला. गाणे होते ‘हॅपी टॉक’, ‘साउथ पॅसिफिक’ या १९४९ सालच्या संगीतिकेतले. लाल बेरे टोपी घातलेला हा माणूस घराघरांत पोचला आणि डॅम्डची उरलीसुरली गंभीर प्रतिमा गेली. आदल्याच वर्षी याच कॅप्टनची तबकडी ‘क्रास’ या कट्टर अराजकवादी गटाच्या स्वतःच्या कंपनीने काढली होती, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिली. विदूषकाचे हे असे होते. तो खरे बोलला तरी लोक हसायची तयारी ठेवूनच ऐकतात.

१९८६ मध्ये ‘एलोईस’ हे जुने गाणे गाऊन डॅम्ड तिसऱ्या क्रमांकावर गेले. व्हेनियनच्या काळ्या वेषाने आणि खर्जातल्या आवाजाने गॉथ नावाच्या पुढच्या प्रवाहाला चेहरा दिला. त्यानंतर माणसे येत-जात राहिली, सेन्सिबल आणि स्केबीज यांच्यात दीर्घकाळ अबोला धरला गेला. तरी २०१८ साली, टोनी व्हिस्कॉन्टी यांनी निर्मिलेला ‘ईव्हिल स्पिरिट्स’ ब्रिटनच्या यादीत सातवा आला. पहिल्या दहांत त्यांचा अल्बम जाण्याची ही पहिली वेळ, पहिल्या तबकडीनंतर एक्केचाळीस वर्षांनी.

म्हातारपणाचा प्रश्न

तरुणांच्या रागातून जन्मलेले संगीत सत्तरीत वाजवावे का? पुष्कळ पंक बँडांचे म्हातारपण पाहवत नाही, कारण त्यांनी विकायला मांडलेला माल तारुण्य हाच होता. डॅम्डला हा प्रश्न कमी छळतो आणि त्याचे कारण त्यांच्या आरंभातच आहे. व्हेनियन विशीत होता तेव्हाच शेकडो वर्षांच्या पिशाच्चाच्या वेषात उभा राहिला. ज्याने तरुणपणीच म्हातारा मुखवटा निवडला, त्याचे वय वाढून काय बिघडणार? त्याच्या आवाजाला तर वयाने भारदस्तपणा दिला. बाकीच्यांचेही तसेच. त्यांनी राग हा सिद्धान्त म्हणून मांडला नव्हता, त्यामुळे तो ओसरल्याचा जाब त्यांना कुणी विचारू शकत नाही. त्यांनी मांडले होते ते वाजवणे, सोंग आणि सोबत. हे तिन्ही टिकतात.

२०२२ च्या शरदात मूळ चौघे इंग्लंडच्या मंचावर पुन्हा एकत्र आले. त्यातून जुने अबोले थोडे सैलावले असावेत. पुढे स्केबीज बँडमध्ये परतला. मार्च २०२५ मध्ये ब्रायन जेम्स गेला, आणि त्या चौघांचे पुन्हा जमणे आता कायमचे संपले. त्याच्या मृत्यूच्या बातम्यांतही ‘न्यू रोझ’चाच उल्लेख पुढे होता, तो ‘पहिले पंक गाणे’ म्हणून. १९९३ साली ‘गन्स अँड रोझेस’नेही ते गायले, तेव्हा त्यांना मोह पडला असेल तो त्या गिटारीचा आणि त्या ठेक्याचा. तारखेसाठी कुणी गाणे गात नाही.

डॅम्डला पिस्टल्स-क्लॅशच्या आसनावर बसवा, अशी माझी मागणी नाही. पहिलेपणाचा मानही फार मोठा नव्हे. पाच आठवड्यांचे अंतर ते काय. मागणी एवढीच की आवाजाचा इतिहास लिहिताना आवाजही पुरावा म्हणून दाखल करून घ्यावा. ज्यांनी जाहीरनामे लिहिले नाहीत त्यांच्याजवळ विचार नव्हता असे धरून चालू नये, आणि जे हसले ते उथळ होते असेही नव्हे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी ‘स्मॅश इट अप’चा पहिला भाग एकदा शांतपणे ऐकावा, दुसरा भाग सुरू होण्याआधी थांबावे, आणि मग ठरवावे.