फाइलींचा क्रम आणि तळोजाचा ‘ळ’

फोल्डरातील फाइली आज्ञावलीच्या हाती कोणत्या क्रमाने येतात, हा प्रश्न सामान्यतः गौण मानला जातो. वस्तुतः संशोधनाच्या विश्वसनीयतेशी त्याचा निकटचा संबंध आहे.

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाची मूल्ये गणिताने काढणाऱ्या विलोबी व हॉय यांच्या आज्ञावल्या २०१४ साली ‘नेचर प्रोटोकॉल्स’मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्याच फाइलींवरून निरनिराळ्या कार्यप्रणालींवर निरनिराळी उत्तरे येतात, असे २०१९ साली हवाई विद्यापीठातील संशोधकांना आढळले. दोन प्रकारच्या फाइलींच्या जोड्या लावताना दोन्ही याद्या एकाच क्रमाने मिळतील, असे त्या आज्ञावल्यांत गृहीत धरले होते.

हे गृहीतकच सदोष होय. विंडोजच्या एनटीएफएस रचनेत नावे क्रमवार साठविली जातात. ॲपलच्या जुन्या एचएफएस प्लसमध्येही तसेच होते. परंतु २०१७ साली मॅकवर आलेल्या एपीएफएसमध्ये तशी हमी नाही, आणि लिनक्सच्या एक्स्ट४मध्ये मोठ्या फोल्डरांतील क्रम सामान्यतः नावांवरून काढलेल्या सांकेतिक संख्यांवर अवलंबून असतो. पायथनच्या अधिकृत माहितीतही फोल्डराच्या यादीचा क्रम अनिश्चित असल्याचे नमूद आहे. तेव्हा दोष कार्यप्रणालीचा नव्हे, तिच्याकडून न दिलेल्या वचनाची अपेक्षा करणाऱ्याचा आहे.

‘यादी मिळताच ती क्रमवार लावावी’, हा प्रचलित उपाय आवश्यक आहे. पुरेसा मात्र नाही. तलाव, तहसील आणि तळोजा अशा नावांच्या तीन फाइली घ्या. यूनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच नंतर येतो, म्हणून केवळ संकेतांकांनुसार लावल्यास तलाव, तळोजा, तहसील असा क्रम लागतो. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर असल्याने आपला क्रम तलाव, तहसील, तळोजा असा होतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचीही तीच गत: वर्णमालेच्या अखेरीस असणारी ही अक्षरे संकेतांकांच्या हिशेबात ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात जातात. यंत्राचा क्रम येथे निश्चित आहे, पण तो मराठी नाही.

मग सर्वत्र मराठी वर्णानुक्रमच वापरावा काय? तेही योग्य नव्हे. भाषिक क्रमाचे नियम आवृत्तीगणिक बदलू शकतात. २०१८ साली लिनक्सवरील ग्लिबसीच्या २.२८ आवृत्तीत ते बदलल्यामुळे जुन्या क्रमावर उभारलेल्या माहितीसंचांच्या सूची अविश्वसनीय ठरल्या.

म्हणून दोन प्रयोजने वेगळी ठेवावयास हवीत. गणनेसाठी संकेतांकांचा स्थिर क्रम वापरावा, आणि जोड्या स्थानावरून न लावता नावांतील समान भागावरून लावाव्यात. वाचकासमोर ठेवावयाची सूची मात्र मराठी वर्णानुक्रमाने लावावी. कोणता क्रम कोठे वापरला, हे प्रबंधात स्पष्ट नोंदवावे. ही नोंद नसेल, तर दुसऱ्या संगणकावर उत्तर बदलल्यावर चूक कोठे शोधावी, हे परीक्षकाला कळावयाचे नाही.