बिनतारी जाळ्याचे कुलूप: काही रूढ सल्ल्यांची तपासणी

घरात राउटर बसला की इंटरनेटची जोडणी भिंतीबाहेरही पसरते. रेडिओलहरींना उंबरठा ठाऊक नसतो. म्हणून राउटरबरोबरच्या पुस्तिकांत आणि तंत्रज्ञानविषयक सदरांत सुरक्षिततेच्या सल्ल्यांची एक ठरावीक यादी असते: जाळ्याचे नाव लपवा, ओळखीच्या उपकरणांनाच प्रवेश द्या, पासवर्ड ठेवा. या यादीवर आमचा मुख्य आक्षेप असा की ती खरे कुलूप आणि कुलपाचे चित्र यांना एकाच पंक्तीला बसविते. कोणता उपाय किती उपयोगी आणि का, हे ती सांगत नाही.

हा प्रश्न फुकट्या शेजाऱ्यापुरता मर्यादित नाही. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना पाठविलेल्या ई-मेलचा माग काढता काढता पोलीस नवी मुंबईतील एका घरी पोचले. त्या घरातील बिनतारी जोडणी उघडी होती व दुसऱ्यांनीच ती वापरली होती. कटाशी काहीही संबंध नसलेल्या तेथील रहिवाशाला मात्र चौकशीला तोंड द्यावे लागले.

सल्ले तपासायला एक जुनी कसोटी उपयोगी पडते. मूळचे डच भाषातज्ज्ञ ऑग्युस्त केरकॉफ्स यांनी 1883 मध्ये लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना असे मांडले की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली.

या कसोटीवर पहिला सल्ला टिकत नाही. जाळ्याचे नाव लपविले तरी आपला फोन जोडणी करताना ते नाव उघडपणे उच्चारतो, आणि ऐकणाऱ्याला तेवढे पुरते. शिवाय लपलेले जाळे शोधण्यासाठी फोनला बाहेरगावीही ‘अमुक नावाचे जाळे येथे आहे का?’ असे पुकारत फिरावे लागते. दुसऱ्या सल्ल्याची गत तीच. प्रत्येक उपकरणाला 48 बिटांचा ‘मॅक’ पत्ता असतो व राउटर त्यावरून ओळख पटवितो. पण मजकूर सांकेतिक केला तरी हा पत्ता प्रत्येक पॅकेटवर उघडाच राहतो. तो टिपून आपल्या संगणकाला लावणे अवघड नाही. हजेरीला दुसऱ्याच्या नावाने ‘हजर’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ नाव ऐकून कसे पकडणार?

‘पासवर्ड ठेवा’ हा सल्ला योग्य असला तरी अपुरा आहे, कारण पासवर्डमागील पद्धतच सदोष असू शकते. 1997 च्या मानकातील ‘वेप’ ही पद्धत तारेच्या जोडणीइतकी गोपनीयता देण्याचे वचन आपल्या नावातच देत होती. तीत कायम किल्लीला प्रत्येक पॅकेटसाठी 24 बिटांचा एक बदलता अंक जोडला जाई. असे अंक 1,67,77,216 आहेत. संख्या मोठी वाटते. परंतु 23 विद्यार्थ्यांच्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, हे शिक्षकांना ठाऊक असेलच. त्याच गणिताने, हा अंक यदृच्छेने निवडला तर सुमारे 4,800 पॅकेटांतच तो पुन्हा येण्याची शक्यता निम्मी होते. मग एकाच किल्लीने बंद केलेले दोन संदेश ताडून पाहता येतात. 2001 मध्ये फ्लूरर, मांतिन व शामीर यांनी याहून गंभीर दोष दाखविला: हे उघडे अंकच मूळ किल्लीचा सुगावा देत होते. किल्ली 40 बिटांवरून 104 बिटांवर नेऊनही फरक पडला नाही. जर्मनीतील डार्मश्टाट येथील संशोधकांनी 2007 मध्ये ती एका मिनिटाच्या आत काढून दाखविली. दोष किल्लीच्या लांबीत नव्हता, तर ती वापरण्याच्या रीतीत होता.

सोयीसाठी दिलेल्या ‘डब्ल्यूपीएस’चा आठ अंकी पिन हे दुसरे उदाहरण. शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरत असल्याने 1 कोटी शक्यता उरतात. पण राउटर पहिले चार अंक बरोबर की चूक हे वेगळे सांगतो, असे 2011 च्या अखेरीस उघड झाले. त्यामुळे 10,000 अधिक 1,000, म्हणजे 11,000 प्रयत्न पुरतात. एका प्रयत्नाला 3 सेकंद धरल्यास सुमारे 347 दिवसांचे काम सव्वानऊ तासांच्या आत संपते. गुणाकाराची जागा बेरजेने घेतली की काय होते, याचा याहून चांगला धडा मिळणे कठीण.

2004 पासूनच्या ‘डब्ल्यूपीए2’ मध्ये मात्र पासवर्डची निवडच निर्णायक ठरते. जोडणीच्या वेळचे संदेश टिपून नेले की अंदाज घरी बसून तपासता येतात. पुष्कळ घरांत पासवर्ड म्हणून मोबाइल क्रमांक असतो. पहिला अंक 6 ते 9 मधला, म्हणून अशा क्रमांकांच्या शक्यता 400 कोटी. सेकंदाला 10 लाख अंदाज तपासले, आणि हे आजच्या एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या आवाक्यात आहे, तर सर्व क्रमांक 67 मिनिटांत संपतात. उलट 8,000 शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द निवडले, तर त्याच वेगाने सर्व शक्यता तपासायला सुमारे 130 वर्षे लागतील. शब्द मात्र चिठ्ठीनेच निवडावेत. आवडीचे चार शब्द ओळखीचा माणूसही ओळखू शकतो.

तेव्हा यादी नव्याने लिहायची तर ती अशी: डब्ल्यूपीए3 (2018) किंवा निदान डब्ल्यूपीए2 निवडावे, लांब व यदृच्छ पासवर्ड ठेवावा, डब्ल्यूपीएस बंद करावे, राउटरच्या व्यवस्थापनाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा आणि त्याची प्रणाली अद्ययावत ठेवावी. जाळ्याचे नाव लपविण्याऐवजी बदलावे. डब्ल्यूपीए2 मध्ये किल्ली तयार करताना ते नावही मिसळले जाते, त्यामुळे सर्रास आढळणाऱ्या नावांसाठी कोणी आधीच करून ठेवलेले तक्ते निरुपयोगी ठरतात.

वर्गात हा विषय घेताना यादी पाठ करून घेऊ नये. प्रत्येक सल्ल्यापुढे विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारू द्यावा: ऐकणाऱ्याला किल्लीखेरीज सारे ठाऊक असेल, तर हा उपाय त्याला किती काळ थोपवील? उत्तर काढायला बहुतेक वेळा गुणाकार-भागाकार पुरतो.