आडपडद्याची भाषा आणि बौद्धिक अक्षम तरुणांचे लैंगिक शिक्षण

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या तरुणांच्या लैंगिकतेकडे समाज प्रामुख्याने भीतीने पाहत आला आहे. या भीतीचे टोक महाराष्ट्राने १९९४ मध्ये पाहिले. शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील बौद्धिक अक्षम मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. त्यांना मासिक पाळीत स्वच्छता राखता येत नाही, असे त्याचे समर्थन करण्यात आले. २०११ मध्ये रायगड जिल्ह्यातील कळंबोली येथील निवासी संस्थेत अशाच मुलींचे लैंगिक शोषण उघडकीस आले. दोन्ही ठिकाणी मुली संस्थेच्या संरक्षणातच होत्या, हे विसरता येत नाही.

त्यानंतर कायदा पुढे गेला. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम २६ नुसार दिव्यांग बालकाचा जबाब नोंदवताना विशेष शिक्षकाची मदत घेता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १० ने प्रजननविषयक माहितीची उपलब्धता ही शासनाची जबाबदारी ठरवली आणि संमतीविना वंध्यत्व आणणाऱ्या वैद्यकीय प्रक्रियेस मनाई केली. तथापि जबाब देण्यासाठी आधी शब्द हवेत, आणि घर व शाळा नेमके तेच नाकारतात.

मराठीत पाळीला ‘कावळा शिवला’ असे म्हणण्याची रीत आहे. स्वमग्न व्यक्ती अनेकदा शब्दाचा वाच्यार्थच घेतात. अशी मुलगी कावळा शोधू लागली, तर दोष तिच्या आकलनाचा नव्हे. अवयवांची नावेच माहीत नसतील, तर नकोशा स्पर्शाची तक्रारही ‘तिथे’ या शब्दापुढे सरकत नाही.

अध्यापनसाहित्याबाबतही विचार आवश्यक आहे. ‘खासगी जागा’ म्हणून स्वतंत्र शयनगृहाचे चित्र दाखवल्यास मुरूड-श्रीवर्धन किनाऱ्यावर एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबातील मुलाला काहीच बोध होणार नाही. त्याला न्हाणीघर खासगी आणि जेटी, मासळीबाजार, एस.टी. थांबा सार्वजनिक, असेच शिकवावे लागेल. तेही चित्रांतून, पुन:पुन्हा.

ज्ञानाने वासना चाळवेल, हा आक्षेप टिकत नाही. शरीर बुद्धीसाठी थांबत नाही. तारुण्य त्याच्या वेळी येतेच. शिवाय पोक्सोतील ‘बालक’ जन्मवयानेच ठरते, मानसिक वयाने नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. म्हणजे अठराव्या वर्षानंतर त्या कायद्याचे छत्र उरत नाही. अशा वेळी ‘नको’ म्हणता येणे ही त्या तरुणाची पहिली गरज असते, आणि मैत्री वा सहवास हवा असल्यास तसे सांगता येणे हा त्याचा हक्कही असतो. केवळ निर्बंध शिकवणारा अभ्यासक्रम ही गरज अर्धीच भागवतो.