रणभूमी आणि क्रूस : चित्रकार फुजिता यांच्या दोन भिन्न सृष्टी

फ्रान्समधील रँस या शहरी शांतिमातेचे एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या भिंतींवर प्रभू येशूचे चरित्र एका जपानी चित्रकाराने चितारले आहे. १९६६ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, लेओनार त्सुगुहारू फुजिता यांनी ओल्या गिलाव्यावर हे काम केले. गिलावा सुकण्याआधीच रंग भरावा लागतो. चूक सुधारण्यास फारसा वाव नसतो. याच हातांनी तेवीस वर्षांपूर्वी युद्धचित्रे काढली होती. या दोन कामांचे नाते काय, हा प्रश्न कलारसिकाइतकाच श्रद्धावंतालाही पडावा असा आहे.

फुजिता यांचा जन्म १८८६ साली तोक्योमध्ये झाला. वडील लष्करातील वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी होते. १९१३ साली ते पॅरिसला गेले आणि दुधाळ पार्श्वभूमीवरील बारीक रेषांच्या स्त्रीचित्रांमुळे व मांजरांमुळे ख्यातकीर्त झाले. महायुद्धकाळात मात्र ते मायदेशी लष्कराचे अग्रगण्य चित्रकार बनले.

मे १९४३ मध्ये अल्युशियन द्वीपसमूहातील अत्तू बेटावर जपानी तुकडी जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली. त्याच वर्षी फुजिता यांनी त्या अखेरच्या हल्ल्याचे भव्य चित्र रंगविले. त्यात पांढरी पार्श्वभूमी नाही. सारे मातकट व काळवंडलेले आहे. देहांचा असा गुंता, की शत्रू कोण आणि आपला कोण हे सहजी ओळखू येत नाही. विजयाचा लवलेशही नाही. प्रदर्शनात लोकांनी त्या चित्रापुढे हात जोडले, नाणी वाहिली. शोकाचे हे चित्र सत्तेने मात्र आत्मबलिदानाच्या आवाहनासाठी वापरले, आणि चित्रकाराने ते वापरू दिले. येथे कलेचे सामर्थ्य आणि कलावंताचे दौर्बल्य एकाच चौकटीत दिसते.

युद्धानंतर कलाविश्वाने दोषाचे खापर प्रामुख्याने त्यांच्यावरच फोडले. १९४९ मध्ये त्यांनी जपान सोडले. ते पुन्हा परतले नाहीत. १९५९ साली पत्नी किमियो यांच्यासह त्यांनी रँसच्या महामंदिरात स्नानसंस्कार स्वीकारला व लिओनार्दो दा विंचीचे नाव धारण केले.

आधी पाप, नंतर कृपा, अशी सुबक कथा सांगण्याचा मोह आपल्याला होतो. परंतु चित्रे तिला सहज साथ देत नाहीत. निव्वळ कलादृष्ट्या पाहता अत्तूचे चित्र अधिक प्रखर आहे. प्रार्थनामंदिरातील काही आकृती गोड आणि परंपरेच्या आज्ञेत राहणाऱ्या वाटतात. श्रद्धेमुळे कुंचल्याला आपोआप बळ येते, असे आपण मानू नये.

तरीही क्रूसारोहणाच्या चित्रापाशी पाऊल थबकते. तेथील जमावात फुजिता यांनी स्वतःलाही रंगविले आहे. युद्धचित्रांत ते मृत्यूचे चित्रण करणारे होते. येथे ते एका मृत्यूचे साक्षीदार आहेत, बघ्यांतले एक. हा कबुलीजबाब म्हणावा काय? पश्चात्तापाचे मोजमाप करण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. एवढे मात्र म्हणता येईल, की त्यांनी उभे राहण्याची जागा योग्य निवडली.

१९६८ साली त्यांचे निधन झाले. २००३ पासून त्यांचे अवशेष याच प्रार्थनामंदिरात विसावले आहेत.